जुनी मेंढरं बघून निवडलेलं कॉलेज

माझा आवाज मोठा होता. किती मोठा ते खरं सांगायला गेलं की लोक म्हणतात बाई फेकते, म्हणून मी नेहमी थोडं कमी करूनच सांगते. आमचं रान शेळगावात, कॅनॉलच्या अलीकडं, आणि पलीकडं आमच्या तात्यांची मेंढरं चरायची. मी अलीकडून हाळी दिली की मेंढरं पाण्याकडं वळायची, हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्याच हाळीला निमगावच्या बाजारात विड्याची पानं मोजत बसलेला व्यापारी हातातला गठ्ठा खाली ठेवून "आलो, आलो" म्हणायचा, हे त्या व्यापाऱ्याशिवाय कुणी कबूल करत नाही. सोमेश्वरनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐन हंगामात बसला तेव्हा पाळी बदलायच्या वेळेला मला तिथं नेऊन उभी करावी असं कुणीतरी सुचवलं होतं, असंही मी ऐकून आहे. कुणाकडून ऐकलं ते विचारू नका. बहुतेक माझ्याकडूनच.

तर असा आवाज असलेल्या मुलीनं गायचं, हे उघड होतं. आमच्याकडं आवाज पोचला म्हणजे गाणं झालं. तो कुठल्या वाटेनं पोचला, वाटेत कुणाला धडकला का, याची चौकशी करायची पद्धत नव्हती. बारामतीच्या कॉलेजात बारावीला असताना स्नेहसंमेलनात जुन्या संगीत नाटकातला एक प्रवेश बसवला, आणि त्यात मला नायिका केली. नऊवारी, अंबाडा, नाकात नथ. ऐन पदाच्या वेळी लाउडस्पीकर बंद पडला आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पेटीवाला सुरुवातीला माझी पट्टी शोधत होता. काळी एक झाली, काळी दोन झाली, मग दोन पट्ट्यांच्या फटीत बोट घालून बघितलं आणि शेवटी त्यानं खिशातलं पान काढून तोंडात घातलं. मला वाटलं, तो रंगलाय. टाळ्या इतक्या पडल्या की शेजारच्या वर्गातलं कबूतर जे उडालं ते थेट लोणी देवकरला जाऊन बसलं, जिथं माझे वडील कंपनीत कामाला होते. वडिलांनी ते कबूतर ओळखलं नाही, ही त्यांची चूक.

त्या दिवशी मी ठरवलं. पहिल्या अंकात गायचं, तिसऱ्या अंकात मरायचं आणि लोकांनी वन्स मोअर दिला की उठून परत गायचं. याला शिक्षण लागत असलं तर तेही घ्यायचं.

हा सगळा प्रकार नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतला. त्या काळी आमच्या भागात बारावी झालेल्या मुलीला दोनच गोष्टी व्हायच्या, एक लग्न आणि दुसरी डी.एड. माझं दुर्दैव असं, की मला डी.एड.ला लागतील एवढे मार्क नेमके पडले. जरा कमी पडले असते तर बोलायला जागा राहिली असती. वडिलांनी इंदापूरला चौकशी केली, दाखले काढले, आणि येत्या सोमवारी प्रवेश घ्यायचा असं ठरवून ते पाळीवर निघून गेले.

मग मी कॉलेजातल्या मराठीच्या सरांना गाठलं. सर नाटकवेडे होते, पण घाबरट वेडे. त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं की दोन ठिकाणं आहेत. एक इथंच बारामतीत. एका खताच्या दुकानाच्या माडीवर एक मास्तर संगीत-नाट्य विद्यालय चालवतात, दोन वर्षांचं प्रमाणपत्र, गाणं आणि अभिनय दोन्ही शिकवतात, रोज संध्याकाळच्या एसटीनं घरी. दुसरं पुण्यात. तिथला नाट्यविभाग, तीन वर्षांची पदवी, राहायला वसतिगृह. पण तिथं परीक्षा घेऊन घेतात, आणि गाणं किंवा अभिनय यातलं एकच निवडावं लागतं. दोन्ही एकदम देत नाहीत.

दोन्ही देणारं ठिकाण सोडून एकच देणाऱ्या ठिकाणी कोण जाईल? मला बारामती पटली. मी घरी जाऊन सांगितलं. वडील म्हणाले, तात्या म्हणतील तसं.

तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि घरातले कर्ते. आमच्या घरात आधी सगळेच मेंढरांमागं होते. मग एकेकानं काठी ठेवली. कुणी ऊस लावला, कुणी ट्रॅक्टर घेतला, वडील कंपनीत गेले. तात्या तेवढे राहिले. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे आणि पावसाआधी माघारी यायचे. त्यामुळं जूनमध्ये ते घरी असायचे आणि त्यांना भरपूर वेळ असायचा. कर्त्या माणसाला वेळ असणं घरच्यांसाठी किती धोक्याचं असतं, ते ज्यांच्या घरात असा कर्ता आहे त्यांना सांगायला नको.

मला वाटलं होतं, नाटक म्हटल्यावर तात्या काठी उचलतील. त्यांनी तंबाखू मळली. नाटकाला त्यांची काहीच हरकत नव्हती. जत्रेत गजीनृत्याला ढोलापुढं पहिला मान त्यांचा असायचा, घेरदार झगा घालून. ते म्हणाले, नाटक म्हणजे गजीच की, फक्त बसून बघतात. प्रश्न एवढाच होता, की पोरगी कुणाच्या कळपात सोडायची.

हे ते सहज बोलले नव्हते. आमच्यात मेंढरं अर्धलीनं द्यायची रीत आहे. ज्याला रानोमाळ फिरणं जमत नाही, तो आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात सोडतो. सांभाळायची त्यानं, होणारी कोकरं निम्मी-निम्मी. पण देण्याआधी त्या माणसाचा कळप बघून यायचा, आणि बघायचा तो न सांगता. कोकरांकडं बघायचं नाही, कोकरं सगळ्यांचीच गोजिरवाणी असतात. बघायची जुनी मेंढरं. कळपात म्हाताऱ्या मेंढ्या टिकून असतील तर माणूस चारतो, जपतो आणि पाठीमागं विकून खात नाही. जुनं जनावरच दिसत नसेल तर तिथून चहासुद्धा न घेता उठायचं. तात्यांनी या नियमावर आयुष्य काढलं होतं आणि एकदाही ठेच खाल्ली नव्हती. आता तोच नियम ते कॉलेजला लावणार होते.

पहिली फेरी बारामतीची झाली. खताच्या दुकानाशेजारचा जिना चढताना युरियाचा वास नाकात बसला तो मला पुढं कुठलंही नाट्यपद ऐकलं की येतो. वर मास्तर. साठी ओलांडलेली, केस मानेवर रुळणारे, डोळ्यांत काजळ. तरुणपणी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरलेले आणि स्त्रीभूमिका केलेले. त्यांच्या गळ्यात पडलेल्या हारांच्या गोष्टी ऐकल्यावर मला कळलं की या जगात माझ्यापेक्षा जास्त फेकणारं माणूस आहे, आणि मला फार बरं वाटलं. मी गायले. मास्तरांनी डोळे मिटले. पेटी तर त्यांनी पहिल्या ओळीलाच मिटली होती, तेही मी आदर समजले. गाणं संपल्यावर ते म्हणाले की ही ईश्वरी देणगी आहे, दिवाळीच्या नाटकात हिला उभी करतो.

तात्यांनी त्यांना मधेच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमच्याकडं जुनं कोण हाय?"

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारली आणि एक गृहस्थ बाहेर आले. पंचविशी ओलांडलेले असतील, पण अंगानं एवढे भरलेले की दारातून आधी पोट आलं, मग मला हाक मारली का असा आवाज आला आणि मग ते आले. दहावीनंतर लगेच इथं आलेले. तात्यांनी उठून त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. दंड दाबून बघितला. ते हसले तेव्हा तात्यांनी मान तिरकी करून दातही बघून घेतले.

"कितवं वर्स?"

"अकरावं," ते अभिमानानं म्हणाले.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात अकरावं वर्ष. तात्यांचं समाधान झालं. अकरा वर्षं टिकून आणि अंगानंही धरलेलं, याहून आणखी काय दाखला पाहिजे? ते मास्तरांबरोबर चहा प्यायले. बशीत ओतून.

मी मात्र त्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर जिन्यात उभी राहिले. सहज विचारलं, तुम्ही कुठली भूमिका करता. ते म्हणाले, भालदार. त्याच्या आधी? चोपदार. आणि नायिका कोण करतं? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाले, मास्तर करतात, दुसरं कोण करणार. अजून? अजून म्हणजे काय, मास्तर आहेत तोवर. मग मी काय करणार? ते म्हणाले, दासी. नवीन मुली पहिली काही वर्षं दासी असतात, तबक धरायचं, अवघड नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात कसलीही कुरकुर नव्हती. उलट जाताजाता त्यांनी मला धीर दिला, की भालदाराला शेवटच्या अंकात एक वाक्य आहे.

जिना उतरेपर्यंत माझी बारामती संपली होती. एसटीत मी तात्यांना सगळं सांगितलं. अकरा वर्षं तो माणूस भाला धरून उभा आहे, हे मी तीन-चार प्रकारे सांगितलं. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उभा हाय न्हवं? पडला तर न्हाय. चारा चांगला हाय तितला."

कळपात म्हातारं मेंढरू टिकणं आणि शाळेत विद्यार्थी टिकणं, यात काय फरक आहे, हे मेंढपाळाला कसं पटवायचं याचं शिक्षण मला कुणी दिलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की एकच कळप बघून सौदा करतात का. हे मात्र त्यांना लागू पडलं. शुक्रवारी पुण्यातली परीक्षा होती, तेव्हा जायचं ठरलं. तिथं त्यांच्या मनाला आलं तर पुणे, नाही आलं तर बारामती, आणि मी तबक धरायला नाही म्हणाले तर सोमवारी इंदापूर, डी.एड. माझा सगळा जन्म त्या एका शुक्रवारावर अडकला होता, आणि तो शुक्रवार तात्यांच्या हातात होता.

आईही आली. तिला कुणी या म्हणालं नव्हतं आणि ती का येते हे कुणी विचारलं नाही. तिनं भाकरी बांधल्या, पदर घेतला आणि एसटीत आमच्या मागच्या बाकावर बसली. आईबद्दल इथं एक सांगायला हवं. ती लग्न होऊन आल्यापासून तात्यांशी एक शब्द थेट बोलली नव्हती. थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. अगदीच बोलावं लागलं तर ती माझ्यामार्फत बोलायची, मी नसले तर म्हशीमार्फत. "तुजी पेंड संपली बया," असं ती म्हशीला सांगायची आणि तात्या संध्याकाळी पेंड घेऊन यायचे. आमच्या म्हशीइतक्या निरोपांची ने-आण तालुक्यातल्या पोस्टानंही केली नसेल.

पुण्यातला तो विभाग म्हणजे झाडीतली एक बैठी दगडी इमारत होती. आत दोघं बसले होते. विभागप्रमुख, दाढीवाले, आणि तानपुरा घेतलेल्या गाण्याच्या बाई. मी गायले. जे झालं ते मी कमी करूनही सांगू शकत नाही, कारण त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पेटीचा एक सूर दाबला आणि म्हणाल्या, हा लावा. मी लावला. त्या म्हणाल्या, हा नाही, हा. मी परत लावला. असं बऱ्याचदा झालं. शेवटी त्यांनी तो सूर तसाच धरून ठेवला, जणू मीच कधीतरी दमून त्याच्यावर येऊन बसेन. नाही बसले.

मग प्रमुखांनी सांगितलं, न येणाऱ्या एसटीची वाट बघून दाखवा. हे तर मी शेळगाव फाट्यावर जन्मभर केलेलं. मी पिशवी खाली ठेवली, परत उचलली, रस्त्याकडं वाकून बघितलं, पाय बदलला. इतकी वाट बघितली की प्रमुखांनी दोनदा घड्याळात पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या एका उमेदवारानं इंदापूर गाडी गेली का म्हणून विचारलं.

निकाल तिथल्या तिथं दिला. अभिनयाला घेतो. संगीताला नाही. बाई सौम्यपणे म्हणाल्या की आवाज मोठा आहे, पण मोठा आवाज आणि सूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तीन वर्षं गाण्याचं नाव काढता येणार नाही. पाच वाजेपर्यंत सांगा. मला रडू आलं नाही. मला राग आला. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगू नये?

बाहेर आले तर तात्या आत गेले. न विचारताच. मी दाराशी उभी राहून ऐकलं.

"सायेब, जुनी पोरं दावा."

प्रमुख म्हणाले, जुनी कुणी नाहीत, तीन वर्षं झाली की जातात.

"समदी?"

"सगळीच."

"एकबी टिकत न्हाय?"

प्रमुखांना वाटलं हे कौतुक चाललंय. ते हसून म्हणाले, आम्ही टिकूच देत नाही.

तात्या बाहेर आले ते थेट पिशवीकडं गेले. त्यांच्या चेहऱ्यावर मी हा भाव आधी फक्त एकदा पाहिला होता, लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा. "रोगराई हाय हितं," ते म्हणाले. "तीन वर्सांत समदा कळप साफ. बारामतीच बरी."

मी पायरीवर बसले. आतून म्हणत होते गाऊ नको, बाहेरून म्हणत होते तबक धर. आईनं भाकरी सोडल्या. तात्या रागानं खायला बसले. रागात त्यांना भूक जास्त लागते.

तेवढ्यात बाजूच्या व्हरांड्यातून एक म्हातारी आली. कंबरेतून वाकलेली, केस कापसासारखे, एक डोळा मिटलेला, हातात काठी. पायरीपाशी आल्यावर तिला पाय कुठं टाकायचा ते समजेना. काठी आधी खाली, मग वर, मग परत खाली. तात्यांनी उठून तिला हात दिला आणि आपली जागा बसायला दिली. ती बसली ती हाडं मोजून खाली ठेवावीत तशी. आणि खोकली. तो खोकला माझ्या अजून लक्षात आहे. छातीतून निघाला, गळ्याशी येऊन थांबला, परत फिरला.

पलीकडं शिपाई उभा होता. तात्यांनी त्याला हळूच विचारलं, ही कोण. शिपाई म्हणाला, इथलीच स्टुडंट, तिसरं वर्ष संपत आलंय. तो खरं तेच बोलला.

तात्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. त्यांनी म्हातारीला भाकरी दिली, वर ठेचा दिला. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि हिरड्यांनी चावत राहिली. दातांच्या जागी नुसतं काळं. तात्यांनी तेही वाकून बघितलं.

"किती वर्सं झाली बाई हितं?"

"आता कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय, बाळा," म्हातारी म्हणाली.

तात्यांना बाळा म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. ते माझ्याकडं वळले आणि हलक्या आवाजात बोलायचं म्हणून एवढ्या मोठ्यानं बोलले की शिपाईही ऐकू लागला. मला समजावलं की तो दाढीवाला सायब खोटं बोलतोय, नवी गर्दी होऊ नये म्हणून. हितं एवढी पिकली तरी सोडलेली न्हाय. ठेवलीय, चारलीय, काठी दिलीय. हितंच सोडायची पोरगी.

माझं तिकडं लक्ष नव्हतं. कारण मघापासून मी म्हातारीच्या पायांकडं बघत होते. लुगड्याच्या काठाखालून तिची टाच दिसत होती, आणि ती टाच गुळगुळीत होती. आमच्याकडं दहा वर्षांच्या पोरीचीही टाच तशी नसते. मी आईकडं बघितलं. आईही तिथंच बघत होती.

मला एक सांगता येत नाही, की मी नेमकं कधी ठरवलं. म्हातारीच्या लुगड्यातली ती मुलगी गायली नव्हती. तिनं आवाज चढवला नव्हता. नुसता एक तुकडा हिरड्यांनी चावला, आणि ज्या माणसाला मेंढराच्या बाजारात कुणी फसवू शकत नव्हतं, तो तिला आपल्या वाट्याची भाकरी भरवत होता. मला ते यायला पाहिजे होतं. गाणं मग जगात ज्याला पाहिजे त्यानं गावं.

आत घंटा वाजली. म्हातारी ताठ उभी राहिली. उंच होती चांगली. तिनं केसांचा टोप काढून बगलेत मारला, दुसरा डोळा उघडला आणि म्हणाली, "थँक्यू हं काका, ठेचा एकदम मस्त होता." आणि पायऱ्या दोन-दोन करत आत गेली.

तात्यांच्या हातात दुसरी भाकरी होती, तिला द्यायला काढलेली. ती हातातच राहिली. झाडावरचा कावळासुद्धा, मी शपथेवर सांगते, तोंड उघडं टाकून थांबला होता.

शेवटी त्यांनी भाकरी फडक्यात ठेवली आणि गाठ मारली. मग बोलले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "दात घासून म्हातारं मेंढरू तरणं म्हणून इकणारी लई बघितली. समद्यांना वळखलं. तरण्याला म्हातारं करून दावणारी जात आज बघितली. ही फसवणूक हाय. हितं फसवणूक शिकवत्यात." पिशवी त्यांच्या खांद्यावर चढली होती. "चल. बारामती न्हाय न् पुणं न्हाय. सोमवारी इंदापूर."

तात्या एकदा इंदापूर म्हणाले की इंदापूरच. मी उठले. माझा तो मोठा आवाज त्या वेळी कुठं गेला होता कोण जाणे.

ती मुलगी परत आली. तोंड धुतलेलं, कानाच्या मागं पांढरा रंग राहिलेला. तिला आतून कुणीतरी सांगितलं असावं, किंवा तिलाच कसंतरी झालं असावं. तात्यांपुढं उभी राहून म्हणाली की माफ करा काका, आमचा सराव असतो, दिवसभर म्हातारीच राहायचं, कुणापुढं मोडायचं नाही. वय विचारलं तर वीस निघालं.

तात्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. एवढं झालं तरी त्यांना राहवलं नाही. "हे असं व्हायला किती दिस लागलं?"

"तीन वर्षं, काका. पाठ वाकवायलाच पहिले काही महिने गेले. मग गुडघे, मग खोकला."

तेव्हा आई बोलली. माझ्यामार्फत नाही. म्हैस तर तिथं नव्हतीच. पदर डोक्यावर होता, पण तोंड तात्यांकडं होतं.

"तीन वर्सं लागत्यात व्हय? आमच्यात लगीन झाल्यावर सा म्हैन्यांत म्हातारी करत्यात. आन ती परत सरळ हुईत न्हाय." तिनं त्या मुलीच्या पाठीकडं बोट केलं. "ही झाली की सरळ. तुमच्यादेखत झाली. माज्या पोरीला हितं तीन वर्सं लागू द्या, तात्या."

त्या वेळी आई छत्तिशीची होती. आता हे लिहिताना हिशेब केला, तेव्हा कळलं. मी तोवर तिचं वय कधी मोजलंच नव्हतं. आईला वय असतं असं मला वाटत नसे.

तात्या तिच्याकडं नाही, आपल्या पिशवीकडं बघत राहिले. भावजय बोलली तर काय उत्तर द्यायचं, याची रीत त्यांना कुणी घालून दिलेली नव्हती. शेवटी त्यांनी तिचं उत्तर मला दिलं.

"गाणं सोडावं लागंल म्हनत्यात."

"व्हय."

"सोडशील?"

"सोडते."

"बरं झालं," ते म्हणाले. "मेंढरं वळत व्हती म्हणून आमी कोण काय बोललो न्हाय."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या शेळगावाला, बहुतेक मेंढरांनाही. मी त्यावर पुढं बरीच वर्षं रागावायचं ठरवलं होतं, पण त्या वेळी पाचाला थोडाच वेळ उरला होता. तात्यांनी पिशवी खांद्यावरून काढून पायरीवर ठेवली. एवढीच त्यांची परवानगी. मी धावत आत गेले आणि प्रमुखांना सांगितलं, की अभिनय. त्यांनी विचारलं, नंतर संगीताचा आग्रह धरणार नाही ना? मी म्हणाले, नाही. गाण्याच्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि या वेळी मी त्याला आदर समजले नाही.

बाहेर आले तर पायरीपाशी शिपाई, दोन उमेदवार आणि कुठून कुठून जमलेली मुलं उभी होती. मधे ती मुलगी परत म्हातारी होत होती, हळूहळू, एकेक पायरीनं. आधी मान, मग खांदे, मग कंबर. तात्या तिच्याभोवती चक्कर मारत होते, दंड बघत होते, पाठीच्या कण्यावरून नजर खाली नेत होते, आपण नेमके कुठं फसलो ते शोधत. त्यांना काही सापडत नव्हतं.

"परत एकदा कर," ते तिला म्हणाले.

तिनं परत केलं. आई पायरीवर बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन.

"टाच, तात्या," ती म्हणाली. "टाचंकडं बघा की."